गणित की इंग्रजी?

ताई, आयटी सोडून बीएड करायचंय आणि मेथड (म्हणजे शिकवायचा विषय) गणिताची घ्यावी की इंग्रजीची असं विचारलंयत, तर माझं मत गणित. इंजिनिअरिंगवाल्यांना बीएडला ५५ टक्क्यांची अट आहे तीच मुळात सायन्स-मॅथ्स धरून, आणि पुढे सहावी ते आठवीसाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर द्याल तेव्हा गणित-विज्ञान घेतलं तर १५० पैकी ६० मार्क त्याचेच, तिथे तुमचा पाया कामाला येईल. इंग्रजी आवडतं हे मान्य हो, पण फी भरायच्या आधी जवळच्या शाळेत विचारून सहावीच्या वर्गावर अपूर्णांकांची बेरीज शिकवून बघाच, छेद समान का करायचा हे मुलांना पटवताना मला जो आनंद मिळतो तो कोडिंगमध्ये कधीच मिळाला नव्हता.. आणि बीएडच्या दोन वर्षांचा खर्च आधी बाजूला काढून ठेवा