समुद्रावर चार दिवस गळ टाकायचाय : तारखा, सामान, बोट कसं ठरवावं?

दोरा_गुंता
आतापर्यंतची सगळी मासेमारी तलाव आणि धरणाच्या पाण्यातली. आता मित्राबरोबर किनाऱ्यावरच्या एका गावी चार दिवस जायचंय, फक्त गळ टाकायला. समुद्राचा अनुभव दोघांनाही नाही. जवळ ७ फुटी रॉड, ३००० साइजचं रीळ आणि १२ पौंड ताण सोसणारा नायलॉनचा दोरा आहे. तारखा कशा निवडाव्यात? हे सामान चालेल का? एखादा दिवस बोट ठरवावी का? रोज पहाटे जायचं आणि नऊ-दहापर्यंत खोलीवर परत, असा बेत आहे.

भांगाचं_पाणी
खोली बुक करायच्या आधी भरतीचं कोष्टक उघडा, आणि तेही जिथे जाणार त्याच बंदराचं. शेजारच्या बंदराच्या वेळा धरल्यात तर हिशोब चुकतो, खाडीत आत असाल तर जास्तच.

बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे भरती रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येते. (काही किनाऱ्यांवर दिवसातून एकदाच भरती येते, ते आधी बघून घ्या.) पहिल्या आणि चौथ्या दिवसात अडीच तासांचा फरक पडला. त्यामुळे ‘रोज पहाटे’ हा बेत समुद्रावर टिकत नाही. मासा पाणी वाहतं असताना खातो. भरती-ओहोटीच्या सांध्यावर पाणी थांबलं की तोही थंडावतो.

नवीन माणूस हमखास चुकतो ती गोष्ट पुढची आहे. एका ठिकाणी उधाणाची, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती दर वेळी घड्याळाच्या जवळपास त्याच वेळेला येते. समजा ती दुपारी १२ च्या सुमारास येते. मग सकाळी ६ ची भरती तिथे भांगालाच मिळणार, म्हणजे अष्टमीच्या आसपास, जेव्हा भरती सगळ्यात लहान असते. उधाणही हवं आणि पहाटेची भरतीही हवी, हे त्या गावात जमणारच नाही. अशा ठिकाणी अष्टमीनंतर दोन दिवसांनी सुरुवात करा. उजाडताना पाणी चढतं असतं, रोज त्याची ताकद थोडी वाढते, पण उधाणाची ओढ अजून आलेली नसते. ऐन उधाणात १०० ग्रॅमचं शिसंही तळावर ठरत नाही, आणि वाहून आलेलं शेवाळ दोऱ्याला गुंडाळत जातं.

पहिली ओहोटी गळ न टाकता फक्त बघण्यासाठी ठेवा. वाळूतल्या खोलगट नळ्या, उघडे पडलेले खडक, खाडीच्या तोंडाशी वळलेला प्रवाह, सगळ्याचे फोटो काढा. पाणी चढल्यावर मासा त्याच नळ्यांतून किनाऱ्याकडे येतो.

खडकावर उभे राहणार असाल तर बाराव्या हिश्शाचा हिशोब पाठ हवा. चढणाऱ्या पाण्याचे १२ भाग धरले तर सहा तासांत ते १, २, ३, ३, २, १ असे चढतात. भरती-ओहोटीतला फरक ३.६ मीटर असेल, तर पहिल्या तासात ३० सेंटिमीटरच वाढतं, पण तिसऱ्या-चौथ्या तासात ९०-९० सेंटिमीटर. दर १० मिनिटांना १५. मागची वाट पहिल्या तासात कोरडी दिसते म्हणूनच माणसं अडकतात.

शिसं_शंभर_ग्रॅम
तारखांचं वर आलंच आहे, मी सामानाचं सांगतो. तुमचं १२ पौंडी नायलॉन घरीच ठेवा.

मोकळ्या किनाऱ्यावर ११ फुटी रॉड, ५००० किंवा ६००० चं रीळ, ३० पौंडी ब्रेडेड (विणलेली) लाइन, म्हणजे दोरा, २५० ते ३०० मीटर. स्पूलवर आधी थोडं नायलॉन गुंडाळा आणि मगच ब्रेडेड भरा. तशीच भरलीत तर जोर आल्यावर सगळी लाइन स्पूलवर एकगठ्ठा फिरते आणि ड्रॅग (मासा ओढताना लाइन किती जोराला सुटेल ते ठरवणारा रिळाचा ब्रेक) बिघडलाय असं वाटत राहतं.

पुढे शॉक लीडर, म्हणजे फेकण्याचा झटका सोसणारा जाड दोरा, लावायचाच. दर २८ ग्रॅम शिशाला १० पौंड, म्हणजे १०० ग्रॅमला निदान ४० पौंडी. लांबी रॉडच्या दुप्पट अधिक रिळावर पाच वेढे, ११ फुटी रॉडला साधारण साडेसात मीटर. यात काटकसर नको: फेकताना लाइन तुटली तर शिसं गोळीसारखं सुटतं आणि किनाऱ्यावर इतर माणसंही असतात. लाइन आणि लीडरच्या जोडाला ‘एफजी’ नावाची गाठ उत्तम. ती बसत नसेल तर ‘डबल युनी’ गाठ बांधा, पण पाण्याने ओली करूनच आवळा.

ड्रॅग अंदाजाने लावू नका, ताणकाट्याने मोजा. लाइनच्या ताकदीच्या पाव हिश्शाएवढा, ३० पौंडीला साधारण साडेतीन किलो. लाइन जाऊन स्पूलवरच्या वेढ्यांचा व्यास निम्मा झाला की तोच ड्रॅग दुप्पट होतो. मासा लांब गेल्यावर बहुतेक जण नॉब आणखी आवळतात आणि तिथेच लाइन तुटते. तेव्हा उलट किंचित सैल करायचा असतो.

आमिषासाठी ४/० साइजचा सर्कल (टोक आत वळलेला) गळ. याला झटका द्यायचा नाही, लाइन ताठ होऊ द्या आणि रीळ फिरवत राहा. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. तलावातली झटक्याची सवय इथे मासे घालवते. दातेरी मासे असतील तर गळाआधी ३० सेंटिमीटर तारेचा तुकडा (ट्रेस).

दोरा_गुंता
मग ७ फुटी रॉड न्यायचाच नाही का?

शिसं_शंभर_ग्रॅम
न्या की. धक्क्यावर किंवा खाडीत १० ते २० ग्रॅमच्या लूअरला (कृत्रिम आमिषाला) तोच बरा. त्यावर १५ पौंडी ब्रेडेड आणि दोन मीटर लीडर लावा.

वारा_बघून
बोट दुसऱ्या दिवशी ठरवा. वाऱ्यामुळे रद्द झाली तर आणखी दोन दिवस हातात राहतात. शेवटच्या दिवशी ठेवली की खराब हवेतही जाण्याचा मोह होतो. नाखव्याला आधी विचारा: माणशी लाइफ जॅकेट आहे का, व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) चालू आहे का, जास्तीत जास्त किती माणसं घेतो. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी बोट बघा. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या तासभर आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर काही उपयोग नाही.

अंदाजात लाटेची फक्त उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंदही बघा. दीड मीटर ६ सेकंदांची आणि दीड मीटर १४ सेकंदांची, यात खडकावर धोकादायक ती दुसरी. तिच्यात ताकद जास्त असते, ती वर चढते, आणि मोठ्या लाटांच्या दोन गटांमध्ये बराच वेळ शांत जातो. उभं राहण्याआधी निदान २० मिनिटं ती जागा बघत बसा. ओल्या काळ्या खडकावर तर पायच नको.

परवाना, बंदीचा काळ आणि किती लांबीचा मासा ठेवता येतो हे तिथल्या मत्स्य खात्याकडून तपासा. सोबत मोजपट्टी हवीच.

भांगाचं_पाणी
दोन गोष्टी राहिल्या. बांगडा, ट्यूना जातीचे मासे उन्हात राहिले की हिस्टामाइन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. म्हणून मासा लगेच बर्फात: दोन भाग बर्फ, एक भाग समुद्राचं पाणी. शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा लागला तर हातापायाला सोसेल इतक्या गरम, ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. वेदना उतरते, पण डॉक्टरकडे जायचंच, काट्याचा तुकडा आत राहतो.

रोज संध्याकाळी रीळ धुताना ड्रॅग आवळून गोड्या पाण्याची हलकी धार द्या. नळाखाली जोरात धरलंत तर मीठ आत ढकललं जातं. वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. वापरलेला लूअर न धुता डब्यात टाकलात तर शेजारचे कोरे गळही गंजतात.