वेळासला मुलांना नेताय? त्यापेक्षा घराजवळच्या ओहोटीला न्या

खाडीकाठ:
फेब्रुवारी लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोकणातल्या वेळासच्या कासव महोत्सवाच्या बुकिंगची धांदल सुरू होते. मुंबईहून पाच-सहा तास गाडी हाणायची, दोरीमागच्या गर्दीत घुसायचं आणि दहा मिनिटं कासवाची पिल्लं बघायची. तीही त्या दिवशी निघाली तर! पोरगं बापाच्या खांद्यावर, बापाचा मोबाईल हवेत. यातून निसर्गाची ओळख कशी होते, मला कळत नाही.

मुंबईतच गिरगाव, हाजी अली, कार्टर रोडला खडपं, म्हणजे ओहोटीला उघडे पडणारे खडक आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सकाळ-संध्याकाळ सहा-सातला ओहोटी खोल लागते. पाण्याच्या डबक्याशी उकिडवं बसा. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा दिसेल, सावली पडली की अंग आत ओढून घेईल. दर पंधरवड्याला जाता येतं, खर्च लोकलच्या तिकिटाचा.

मंडणगडकर:
दादा, तुम्ही पर्यटकाच्या जागेवरून बघताय. आमच्याकडे वेळासला पूर्वी कासवीण वाळूत वर आली की तिचा माग काढत लोक जायचे आणि अंडी उकरून आणायचे. उरलीसुरली कोल्ह्या-कुत्र्यांना. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काम सुरू केलं, 2006 पासून महोत्सव. आता घरटं सापडलं की अंडी हलक्या हाताने काढून कुंपणात तेवढ्याच खोल पुरतात आणि पंचेचाळीस ते साठ दिवस राखण करतात. तुम्ही आमच्या पडवीत झोपता, मोदक खाता, त्या पैशावर गावाला ही राखण परवडते. गर्दीला नावं ठेवणं सोपं आहे.

खाडीकाठ:
गावाला पैसे मिळू नयेत असं कुठे म्हटलं? मी मुलांबद्दल बोलतोय.

दोन_पोरांची_आई:
मग मुलांबद्दलच बोलू. आम्ही गेलो तेव्हा संध्याकाळी घरट्यावरची टोपली उचलली तर खाली काहीच नाही. धाकटीने भोकाड पसरलं. सकाळी पुन्हा गेलो, तर वाळू हलत होती. तिने कासवमित्राला, म्हणजे घरटी राखणाऱ्या माणसाला विचारलं, पिल्लं थेट पाण्यात का नाही सोडत? ते म्हणाले, वाळूवरून त्यांची त्यांनी चालायला हवीत, म्हणजे मोठेपणी माद्या याच पट्ट्यात अंडी घालायला येतात असं मानतात. घरी येईपर्यंत तिचे प्रश्न संपेनात. वर्षातून एकदा का होईना, थांबावं लागतं आणि हात लावायचा नसतो, हे पोरांना समजतं.

तुमच्या खडपांवर दोरी नसते. गिरगावला मी आईबापांनाच खेकडे बाटलीत भरून पोरांच्या हातात देताना पाहिलंय.

वरळीकर_कोळी:
गंमत वाटते वाचून. आमच्या बाया कालवं काढायला खडपावर जायच्या, आम्ही मागोमाग. शेवाळावरून कसं चालायचं, कुठे हात घालायचा नाही, हे तिथेच कळलं. पावसाळ्यात जेलीफिश किनाऱ्याला लागतात, तेव्हा पोरांना अनवाणी पाठवू नका. 2013 ला गणपती विसर्जनात गिरगावला पाकट माशांनी किती जणांच्या पायाला काटे मारले, आठवत असेल.

आणि खाडीकाठभाऊ, हाजी अली-वरळीच्या काही खडपांवर कोस्टल रोडचा भराव पडला. 2020 मध्ये तिथली काही प्रवाळं उचलून कुलाब्याला नेऊन लावावी लागली. तेव्हा तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काय चाललं होतं?

खाडीकाठ:
काहीच नाही, आणि माझा मुद्दा तोच आहे. त्या खडपांवर आमची पोरं कधी गेलीच नव्हती, त्यामुळे भराव पडला तेव्हा कोणाच्या पोटात दुखलं नाही. वेळासचं कासव सगळ्यांना माहीत, हाजी अलीचं प्रवाळ कोणालाच नाही. बाटलीचं मात्र खरं आहे. माहीतगार माणसाबरोबर जा. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी 2017 पासून किनाऱ्यावर लोकांना घेऊन फिरतायत.

मंडणगडकर:
जा की. पण मार्चमध्ये इकडेही या. येण्याआधी फोन करा, पिल्लं निघायची शक्यता कधी आहे ते गावातला माणूस सांगतो. आणि रात्री किनाऱ्यावर बॅटरी मारू नका, पिल्लं उजेडाकडे वळतात.