यंदा ५ जूनला शाळेत एकही रोप लावू नये, असं माझं मत

पश्चिमभागवाला

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आमचं गाव. सरकारी मराठी शाळा, पहिली ते सातवी, पट ४१. मी एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या पालक समितीवर आहे. शनिवारच्या मिटिंगमध्ये म्हटलं, यंदा पर्यावरण दिनाला रोपं आणायची नाहीत, आणि चहा यायच्या आत मिटिंग मोडली. तिथं बोलायचं राहिलं ते इथं लिहितो. चुकत असेन तर खुशाल बोला.

गेली पाच वर्षं दर जूनला ५० रोपं येतात. मार्चमध्ये मी आणि माझा पोरगा वही घेऊन मोजायला गेलो. जिवंत तीन. त्यातली दोन फणसाची, पोरं जेवल्यावर ताटं धुतात त्या दगडाजवळची. तिसरं करंजाचं, पाण्याच्या टाकीखाली, टाकी गळते म्हणून तगलंय. एक वाळलेलं रोप सहज उपटलं तर मुळांभोवती काळी पिशवी जशीच्या तशी. पिशवीसकट पुरलं होतं.

मास्तरांना मी दोष देत नाही. त्यांना एका दिवसात भाषण, घोषणा, फेरी, खाऊ आणि फोटो, सगळं उरकायचं असतं. खरी अडचण तारखांची आहे. १० एप्रिलच्या आसपास सुट्टी पडते आणि मे संपता संपता शाळा भरते. रोपाचा पहिला उन्हाळा नेमका त्याच सात आठवड्यांत येतो आणि तेव्हाच गेटला कुलूप असतं. मग जूनमध्ये पुन्हा टेम्पो.

वनखात्याची कृषी अरण्य प्रोत्साहन योजना माहीत असेल. तिच्यात शेतकऱ्याला रोप लावल्याबद्दल काही मिळत नाही. तीन वर्षं येऊन मोजतात आणि जगलेल्या रोपामागे पैसे देतात. शेतकऱ्याला हा नियम, मग शाळेला का नाही? शाळेनं फोटो पाठवला की विषय संपला.

म्हणून माझं म्हणणं, एक वर्ष काही लावू नका. शाळेमागच्या ओढ्यात खुणा केलेली काठी रोवा. दर शुक्रवारी पोरांनी पाणी कुठवर आहे ते लिहावं. ओढा कधी आटतो, कुठली विहीर आधी तळ दाखवते, हे माझे आजोबा न विचारता सांगायचे. आज गावात विचारलं तर चौघं चार महिने सांगतात.

निवृत्त_गुरुजी

तुमची मोजणी पटली, त्यावरून काढलेला अर्थ पटला नाही. माझी ३१ वर्षं नोकरी झाली, त्यातली निम्मी खानापूर तालुक्यात जंगल भागात. वनमहोत्सव १९५० पासून चाललाय, ५ जूनचा पर्यावरण दिन १९७३ पासून. मेलेल्या रोपांकडे बघत बसलो असतो तर कुणी कुदळच उचलली नसती.

जांबोटीकडच्या एका शाळेत सहावीतल्या मुलीनं घरून फणसाची आठळी आणून लावली होती. तिनंच करवंदीच्या काट्या तोडून भोवती कुंपण केलं, शेळीनं दोनदा शेंडा खाल्ला तरी सोडलं नाही. आज त्या फणसाखाली पोरं जेवतात. फणस बरका, म्हणजे मऊ गऱ्यांचा निघाला म्हणून गावात अजून चेष्टा होते, ती वेगळी गोष्ट. त्या वर्षीची बाकीची ३० रोपं मेली. मग मी तो कार्यक्रम करायलाच नको होता का?

आणि तुमची काठी. पहिले दोन शुक्रवार पोरं मोजतील. तिसऱ्या शुक्रवारी एकजण वर्गात बसून सगळ्यांचे आकडे भरेल. पोरांना मी ओळखतो.

पश्चिमभागवाला

गुरुजी, तो फणस आठळीतून आला, टेम्पोतून नाही. तुम्ही माझीच बाजू मांडलीत.

येळ्ळूर_शिवार

शाळेच्या कंपाउंडातनं बाहेर या की ओ दोघंही. आमच्याकडं बळ्ळारी नाला आहे. शहराचं सगळं घेऊन येतो. गाळ, जलपर्णी, थर्माकोल, नको ते. जुलैत दोन दिवस पाऊस लागून राहिला की पाणी भातात. लावण केलेलं रोप कुजतंय, परत लावण. बी परत, मजुरी परत. ज्या शिवारातल्या बासमतीचा वास म्हणे गल्लीत यायचा, त्या शिवारात आता नाल्याचा वास येतोय. कर्नाटकात प्लास्टिकबंदी २०१६ ला झाली, देशात एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकवर २०२२ ला. नाल्याला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. पावसाआधी एक दिवस आजूबाजूच्या गावांतल्या शाळा आणि मंडळं मिळून नाला काढू द्या. पोरांना कळू दे आपण टाकलेली पिशवी कुठं जाती. ५० रोपांपेक्षा ते शिक्षण मोठं.

वडगावची_आई

नाही. माझं पोर नाल्यात उतरणार नाही. मागं एकदा अशीच "स्वच्छता मोहीम" झाली, नुसत्या काठावर. ग्लोव्ह्ज चार आणि मुलं तीस. आठवडाभर पायाला पुरळ, दवाखाना मी केला, कौतुक दुसऱ्यांचं झालं. त्या पाण्यात उंदरांचं मूत असतं, पायाला जखम असेल तर लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) होऊ शकतो. २०२३ च्या डिसेंबरात कोलार जिल्ह्यात मुलांना शौचाच्या खड्ड्यात उतरवल्यावर राज्यभर केवढा गदारोळ झाला, विसरलात? नाला काढायला यंत्रं आहेत, माणसं आहेत, आपण कर भरतो. ती नाही आली तर मोठ्यांनी जाऊन ऑफिसात बसावं. पोरांना पुढं करून मोठ्यांनी मागून फोटो काढायचे, हे मला बघवत नाही.

येळ्ळूर_शिवार

ताई, उतरवायचं म्हटलं नाही मी. पण बांधावर उभं करून दाखवा तरी. आमची पोरं तर रोज त्याच पाण्यातनं शेतात जातात, त्यांची आई पण आईच आहे.

वडगावची_आई

हे मान्य. दाखवायला माझी ना नाही.

रोपवाटिकेतला

मी नऊ वर्षं नर्सरीत पिशव्या भरल्यात, आता स्वतःची छोटी आहे. इथं कुणी रोपाबद्दल बोलतच नाही म्हणून लिहायलोय.

शाळेला फुकट मिळतं ते बहुतेक ५×८ इंचांच्या पिशवीतलं रोप. वीतभर. पिशवीत जास्त दिवस राहिलं तर मूळ खाली गोल गोल वळतं, वेटोळं घालतं. ते तसंच लावलं तर वर पालवी दिसते पण मूळ खोल जात नाही, पहिल्याच उन्हाळ्यात संपतं. पिशवी ब्लेडनं उभी चिरायची, खालचं वेटोळं बोटभर कापायचं, मग लावायचं. ८×१२ च्या पिशवीतलं कमरेएवढं रोप घ्या, ५० ऐवजी पाच घ्या. खड्डा मे महिन्यातच काढून उन्हात तापू द्यायचा. शाळेत काय होतं? ५ जूनला सकाळी नऊला खड्डा, साडेनऊला रोप, दहाला पाहुणे.

आणि धागाकर्त्याला एक सांगतो, जरा कडू लागेल. जगलेली मोजायला लागलात की लोक आकेशिया, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ लावतील. शेळी तोंड लावत नाही, पाणी मागत नाही, शंभरातली नव्वद जगतात. खाली गवत धड येत नाही, पानं लवकर कुजत नाहीत, त्यावर पाखरू घरटं करायला मागत नाही. रस्त्याकडेला मैलच्या मैल बघा. मोजणीत पास झालेलं झाड आहे ते. तुमच्या वहीत तीन जिवंत आहेत, पण त्यात दोन फणस आणि एक करंज आहे. माझ्या मते निकाल इतका वाईट नाही.

पश्चिमभागवाला

हे मात्र लागलं. आकेशियाचा विचार मी केला नव्हता.

पुण्यात_नोकरी

मूळ खानापूर तालुक्यातला. आम्ही काही मित्र दरवर्षी वर्गणी काढून गावच्या शाळेला रोपं आणि लोखंडी ट्री गार्ड देतो. सुट्टी टाकून येतो. इथं जे चाललंय ते वाचून वाईट वाटलं. बाहेरचा माणूस काही करायला लागला की गावात दहाजण चूक काढायला तयार. करू नका म्हणणं सोपं असतं.

पश्चिमभागवाला

दादा, राग धरू नका. तुमच्यासारख्यांचे गार्ड आमच्या गावातही आलेत. एक कोंबड्या झाकायला आहे, दोन परसात, त्यावर दोडक्याचा वेल आहे. वेल मात्र झकास आलाय. गार्ड दिलेत, मे महिन्यात पाणी घालणारा माणूस दिला नाहीत. पुढच्या वर्षी जूनऐवजी एप्रिलमध्ये सुट्टी टाकून या.

पुण्यात_नोकरी

एप्रिलमध्ये इयर एंडिंगचं काम संपलेलं नसतं. पण दोडक्याचा फोटो पाठवा.

खानापूरचा_मास्तर

सध्या नोकरीत आहे म्हणून जपून लिहितो. वरून व्हॉट्सॲपवर निरोप येतो, दुपारी बारापर्यंत फोटो अपलोड करा. मी एकटा, वर्ग चार. इको क्लबची वही आहे, ती भरतो. धागाकर्त्याचं "आधी बघा" मला पटतं, पण कारण वेगळं. मलप्रभा आमच्या तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. भीमगड २०११ ला अभयारण्य झालं. तिथल्या बारापेडे गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ जगात मोजक्याच ठिकाणी सापडतं. आणि वर्गात विचारलं, दुर्मिळ प्राणी सांगा, तर उत्तर येतं पेंग्विन. हे रोप लावून सुटत नाही. फिरवून सुटेल, पण फिरवायला चार वर्ग कुणाच्या हवाली करू?

सीमाभागी_एकजण

शाळाच टिकेना झाल्यात, पट वीसवर आलाय, आणि इथं फणस की करंज चाललंय. आधी पोरं आणा शाळेत.

निवृत्त_गुरुजी

पट हा विषय मोठाच आहे, पण त्यानं बाकीचे विषय रद्द होत नाहीत. उलट उद्या शाळेला कुलूप लागलं तर ते आवार कुणाचं, ती झाडं कुणाची, हे आजच ठरायला हवं. गावाचीच ना?

आणि मे महिन्यात माणूस नाही, हे मला मान्य नाही. आपल्याकडं वळीव पडतो, मे अगदीच कोरडा जात नाही. वर मे महिना जत्रांचा, लग्नांचा. पुण्या-मुंबईची माणसं गावात असतात. देवीचे वार पाळतो तेव्हा आख्खं गाव शेताची कामं बंद ठेवतं, गडीमाणसं दिवसभर पारावर. मंगळवार पाळायचे तर पाळतातच, कुणाची हिंमत नाही मोडायची. त्या दिवशी प्रत्येक घरानं शाळेत एक घागर पाणी न्यायचं, एवढं पंचांनी बोलून टाकलं तर?

जुनं_खोड

वार म्हणजे वार. त्या दिवशी कुदळ-घागर चालत नाही. देवीच्या कामात असलं काही घुसडू नका. आज घागर न्याल, उद्या म्हणाल वाराला रस्ता करा.

निवृत्त_गुरुजी

वाराला देवळापुढच्या पिंपळाला बायका पाणी घालतात की नाही? शाळा तिथून शंभर पावलांवर आहे.

जुनं_खोड

पिंपळ देवाचा आहे. फणस सरकारचा आहे.

वडगावची_आई

हे वाक्य फ्रेम करून शाळेत लावा. गेली पाच वर्षं काय चुकलं ते यातच आलं.

येळ्ळूर_शिवार

वळवाचा भरवसा मला सांगू नका गुरुजी. पडला तर झाडं मोडतंय, नाही पडला तर महिना महिना फिरकत नाही. घागरीचं मात्र पटलं. पण पंच नुसतं बोलतील. दोन मंगळवार होईल, तिसऱ्याला विसरतील. तुम्हीच म्हणालात की पोरांचं असं होतंय, मोठ्यांचं वेगळं होतंय होय?

रोपवाटिकेतला

घागर रोज लागत नाही. मडकं पुरा. खानापूरची कुंभारकी जवळच आहे, माती चांगली. रंग न दिलेलं, बारक्या तोंडाचं मडकं घ्यायचं, रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरून वर कौलाचा तुकडा झाकायचा, नाहीतर डास होतात. मडक्याच्या अंगातनं पाणी झिरपतं तेवढंच मुळं घेतात. मोठं मडकं असेल तर आठवड्यातनं एकदोनदा भरलं तरी रोप तगतं. म्हणजे जुनं खोड यांच्या वाराला हात न लावता बुधवारी भरा.

पश्चिमभागवाला

एक राहिलंच सांगायचं. ताटं धुण्याच्या दगडाजवळचे दोन फणस सुट्टीत कसे जगले हे मी विचारलंच नव्हतं. काल विचारलं. शाळेत जेवण करणाऱ्या मावशी शेजारीच राहतात, त्या सुट्टीत घरची भांडी तिथंच आणून घासतात. शाळेचा नळ आहे म्हणून. फणसासाठी वगैरे काही नाही.

तर मी माघार घेतो, पूर्ण नाही. ५० ऐवजी पाच, मोठ्या पिशवीतली. फणस, जांभूळ, उंबर. मडकी पाच. आणि ओढ्याची काठी राहील, ती मी सोडणार नाही. मिटिंगमध्ये असं मांडेन.

खानापूरचा_मास्तर

मांडा. पण पाच रोपांचा फोटो वर चालणार नाही, ५० चा मागतील.

पश्चिमभागवाला

एकच फणस दहा बाजूंनी काढू.

निवृत्त_गुरुजी

मडकं भरायची जबाबदारी मावशींवर ढकलू नका म्हणजे झालं. त्यांचं मानधन वेळेवर मिळतं का ते आधी मिटिंगमध्ये विचारा.