एचआर म्हणते "सोडून दे", तक्रार नक्की कुठे करायची?

चाफा:
टीममध्ये आम्ही दोघीच मुली. लीड सगळ्यांसमोर "बायकांचं डोकं यात चालत नाही" म्हणतो, मी बोलायला लागले की घड्याळ बघतो, इथवर सहन केलं. पण गेले दोन महिने कपड्यांवर, फिगरवर बोलायला लागलाय आणि परवा रात्री साडेअकराला मेसेज, "तुला पण झोप येत नाही का". एचआर म्हणते अगं त्याचा स्वभावच तसा. पोलिसात जावं का?

रातराणी:
आधी ते मेसेज जपून ठेव, स्क्रीनशॉट स्वतःच्या मेलवर, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको. आणि एचआरला तोंडी सांगितलं म्हणजे तक्रार झाली असं नसतं गं. २०१३ च्या पॉश कायद्यानुसार (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा) दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती पाहिजेच, तिला लेखी द्यायचं. मुदत शेवटच्या घटनेपासून ३ महिने, कारण पटलं तर समिती अजून ३ वाढवू शकते. मी "सुधारेल, बघू" करत पाच महिने घालवले आणि मग उशीर का झाला हेच समजावत बसले.

तमालपत्र:
नुसतं "बायकांचं डोकं" एवढंच असतं तर पॉशमध्ये बसवताना ओढाताण झाली असती, कायदा लैंगिक छळाचा आहे ना. पण कपडे, मेसेज हे सरळ त्यात येतं, त्याला जोडून बाकीचा अपमानही तारखांसकट एकाच अर्जात लिही. मालकच त्रास देत असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. पोलिसात भारतीय न्याय संहितेचं लैंगिक छळाचं कलम ७५ लागतं, समिती आणि पोलीस दोन्ही एकदम चालतं.

चाफा:
पण तोवर त्याच्याच हाताखाली? आणि सिद्ध नाही झालं तर माझ्यावरच उलटेल ना?

रातराणी:
नाही गं, पुरावा कमी पडला एवढ्यावरून कारवाई होत नाही, जाणूनबुजून खोटं केलं असं चौकशीत ठरावं लागतं. चौकशीला ९० दिवस, तोवर बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा लेखी मागता येते, ती तुझ्या नेहमीच्या रजेतून कापत नाहीत. माझं अप्रेझल त्याच्याकडून काढून घ्या हे पण मागायचं, बहुतेकजणी तेच विसरतात.

चाफा:
लिफ्टमागच्या बोर्डवर समितीची यादी सापडली. चार नावं, त्यातल्या दोघी कधीच्याच कंपनी सोडून गेल्यात!

तमालपत्र:
ते पण अर्जात लिही. आणि पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नकोस.