मदत हवी आहे: कापलेला टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा आयकर) पुन्हा मागतायत, रिट (उच्च न्यायालयात याचिका) करावी का?

बाबांच्या जुन्या कंपनीनं पगारातून टीडीएस कापला, पण सरकारजमा केलाच नाही. कंपनी आता बंद. आयकर खात्यानं ती रक्कम बाबांच्या नावे थकबाकी दाखवून त्यांचा रिफंड परस्पर वळता केला. असा रिफंड वळता करण्याआधी द्यायची कलम 245 ची सूचना? ना ईमेल, ना पत्र.

1961 च्या आयकर कायद्याचं कलम 205 सांगतं की कर कापला गेला असेल तर कर्मचाऱ्याकडून पुन्हा वसुली नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा 2007 चा निकालही तसाच. तक्रारीला उत्तर मात्र ठरलेलं: 'फॉर्म 26एएसमध्ये (आपल्या नावे जमा झालेल्या कराचा तपशील) नोंद नाही.' अहो, तोच तर वाद आहे!

पगाराच्या स्लिपा आहेत, कपातीचा आकडा त्यात स्पष्ट दिसतो. फॉर्म 16 (कंपनीनं द्यायचा कपातीचा दाखला) मिळालाच नव्हता. तेवढ्यावर रिट टिकेल का? वकिलांची फी साधारण किती पडते?