इंजिन माउंट पुन्हा रंगवायचाय : पावडर कोटिंग की इपॉक्सी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी जळगावचा. घरी बांधलेल्या आमच्या दोन आसनी विमानाचा इंजिन माउंट (इंजिन विमानाला धरून ठेवणारा नळ्यांचा सांगाडा) उतरवून ठेवलाय. ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं मजबूत पोलाद) नळीचा, टिग वेल्डिंगचा. एक्झॉस्टजवळचा रंग फुगलाय. खालच्या कोपऱ्यात नळ्या एकत्र येतात तिथे वेल्डच्या कडेला केसाएवढी रेघ दिसते. नख फिरवलं तर अडकत नाही. रंगाचीच भेग असावी, पण ‘असावी’च्या भरवशावर उडायचं नाही.

रिमूव्हरने रंग काढून डाय पेनेट्रंट टेस्ट (भेगेत शिरणारा रंगीत द्रव लावून तडा शोधायची चाचणी) करणार आहे. सँडब्लास्टिंग त्याआधी नको, वाळूच्या माऱ्याने बारीक भेगेचं तोंड बुजतं आणि डाय आत शिरत नाही.

एमआयडीसीतला पावडर कोटिंगवाला म्हणतो, “दादा, गेटच्या ग्रिलसारखं चकाचक करून देतो.” चकाचक होईलही, पण त्या जाड, चिवट थराखाली नळी तडकली तरी वरून कळत नाही. म्हणून माझा कल इपॉक्सी प्रायमर आणि वर फिकट राखाडी पॉलियुरेथेनकडे. फिकट रंगावर तडा, गंज, तेलाचा ओघळ लगेच दिसतो.

आता अडचण आपल्या उन्हाची. मे महिन्यात हार्डनर मिसळलेला प्रायमर गनमध्येच घट्ट व्हायला लागतो. पहाटे मारता की स्लो (हळू उडणारा) थिनर वापरता? फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या आगरोधक भिंतीला) टेकणाऱ्या बैठकींवर रंग ठेवता का? मी तिथे मास्किंग करणार आहे, नाहीतर रंग दबून बोल्टचा टॉर्क (आवळ) उतरतो.

आणि रेघ खरी निघाली तर? धुळे, नाशिककडे क्रोमोलीचं पातळ काम करणारा खात्रीचा टिग वेल्डर कुणी सुचवेल का? गेट-ग्रिलवाला नको.