'सगळी माणसं समान' हे वाक्य कौतुकाने वाचावं का?

धागा
अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात थॉमस जेफरसनने लिहिलं, सगळी माणसं समान जन्माला येतात. आयुष्यभरात त्याच्या मालकीची सहाशेहून जास्त गुलाम माणसं होती. त्याच जाहीरनाम्यात पुढे मूळ रहिवाशांना 'निर्दयी रानटी' म्हटलंय. मला हे वाक्य आता कौतुकाने वाचवत नाही. तुम्हाला?

प्रतिसाद १
आजच्या मापाने अठराव्या शतकातली माणसं मोजू नका. जेफरसनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जळजळीत परिच्छेद होता. बाकीच्यांनी तो गाळला.

धागाकर्ती
त्या परिच्छेदात सगळं खापर इंग्लंडच्या राजावर होतं, स्वतःच्या शेतमळ्याबद्दल अक्षर नाही. आणि माप आजचं नाही, १७९१ चं आहे. बेंजामिन बॅनेकर हा मेरीलँडचा स्वतंत्र काळा शेतकरी, खगोलशास्त्र स्वतःच शिकलेला. त्याने १९ ऑगस्टला जेफरसनला पत्र लिहून त्याचंच वाक्य त्याच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, मग माझ्या बांधवांना जबरदस्तीने डांबून का ठेवता? सोबत पुढच्या वर्षाचं पंचांग, सगळं गणित स्वतःचं, अक्षरही स्वतःचं. जेफरसनने अकरा दिवसांत गोड उत्तर दिलं, पंचांग पॅरिसला पाठवलं. बॅनेकर १८०६ मध्ये वारला. १८०९ मध्ये जेफरसन एका मित्राला लिहितो, त्याची बुद्धी सामान्यच होती. उत्तर द्यायला माणूस उरला नव्हता हो! मला याचा फार राग येतो.

प्रतिसाद २
अमेरिकेत स्थायिक झालेल्या क्रेव्हकर या फ्रेंच लेखकाचं १७८२ चं पुस्तक घ्या. अमेरिकन म्हणजे इंग्रज, स्कॉट, आयरिश, फ्रेंच, डच, जर्मन, स्वीडिश यांचं मिश्रण, असं तो अभिमानाने सांगतो. त्या यादीत काळा माणूस नाही. तो पुढे भेटतो, चार्ल्सटनजवळ पिंजऱ्यात टांगलेला, पक्ष्यांनी डोळे फोडलेला, पाणी मागणारा. निवेदक त्याला पाणी पाजतो आणि ठरलेल्या घरी जेवायला जातो.

प्रतिसाद १
वाचून पोटात कालवलं. तरीही, ते वाक्य नसतं तर बॅनेकरने पुढे काय ठेवलं असतं? १८४८ मध्ये अमेरिकेतल्या सेनेका फॉल्स गावी स्त्री-हक्क परिषदेत बायकांनी त्याच वाक्यात 'आणि स्त्रिया' घातलं. आपल्या जोतीरावांनीही १८७३ ची 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केली ना?

धागाकर्ती
केली. पण अर्पणपत्रिका नीट वाचा. काळ्यांच्या गुलामीविरुद्ध झिजलेल्या लोकांना ती अर्पण आहे. वाक्य लिहिणाऱ्याचं नाव तिथे नाही.